बाईंनी भूमिका कशा वाटल्या होत्या

शाळेतल्या नाटकाची आठवण निघाली की कट्ट्यावर सहसा वाद होत नाही. जो तो आपापला संवाद म्हणून दाखवतो, कोणाची चिकटवलेली दाढी ऐन प्रवेशात गळून पडली ते सांगतो आणि विषय पुढे सरकतो. परवा मात्र आमच्यातल्या वकिलाने मध्येच हरकत घेतली. आपण सगळे एकाच वर्गातले, एकाच नाटकातले, आणि भाषा शिकवणाऱ्या ज्या बाईंनी ते नाटक बसवले त्यांचे गुणगान गेली कित्येक वर्षे करत आलो आहोत. पण बाईंनी आपल्याला प्रोत्साहन दिले हे तेव्हा खरोखर घडले होते, की आपण मोठे झाल्यावर ते त्या प्रसंगाला चिकटवले आहे, असा त्याचा प्रश्न होता.

वकिलाचा आठवणींवरचा अविश्वास धंद्यातून आलेला आहे, आणि त्याच्याजवळ पुरावाही होता. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली होती. नंतर काहींना गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर काहींना त्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हाचा वेग विचारला. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितलाच, शिवाय आठवड्याने विचारल्यावर त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या त्या चित्रफितीत नव्हत्याच. एका क्रियापदाने एवढे होत असेल, तर इतक्या वर्षांच्या कौतुकाने बाईंचे काय केले असेल, असे तो म्हणाला.

यावर ज्याने बोलायला हवे होते तोच बोलला. त्याला आम्ही अजूनही ‘सूत्रधार’ म्हणतो, कारण नाटकात ते काम त्याचे होते. लहानपणी तो अडखळत बोलत असे. वर्गात उभे राहून धडा वाचायची पाळी आली की पहिल्या अक्षरावरच त्याची गाडी थांबत असे. तो म्हणाला, “बाईंचा एकही गोड शब्द मला आठवत नाही, त्यामुळे तो मी नंतर रचला असेल ही भीती सोडून दे. मला आठवते ते त्यांनी केलेले काम. त्यांनी सूत्रधार एक ठेवला नाही, चार केले, आणि चौघांनी मिळून एका सुरात बोलायचे असे ठरवले. मी दुसरा होतो. तालमी पुढे सरकल्या तशी त्यांनी काही वाक्ये दोघांवर आणली, आणि शेवटच्या प्रवेशातले एक वाक्य माझ्या एकट्याकडे ठेवले.”

हे आम्हा सगळ्यांना आठवत होते, वकिलालाही. अडखळत बोलणाऱ्या पुष्कळ माणसांचे अडखळणे इतरांबरोबर एका सुरात बोलताना खूप कमी होते, आणि गाताना किंवा एखादे पात्र वठवतानाही अनेकांना हाच अनुभव येतो. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. बाईंनी हे कुठे वाचले होते की प्रार्थनेच्या वेळी त्याच्याकडे नुसते लक्ष देऊन ओळखले होते, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. वकिलाने तेवढ्यात दुसरी बाजू मांडली: मग हे कौशल्य झाले, त्याला प्रोत्साहन कशाला म्हणायचे? माझ्या मते वाद खरा इथे सुरू झाला, कारण तोपर्यंत आम्ही सगळेच प्रोत्साहन म्हणजे पाठीवरची थाप असे धरून चाललो होतो.

आमच्यातला मास्तर स्वतः शाळेत शिकवतो. शिक्षकाची अपेक्षाच मुलाला घडवते हे सांगण्यासाठी त्याने रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्या १९६८ च्या पुस्तकाचा दाखला दिला. एका प्राथमिक शाळेतली सुमारे २० टक्के मुले कोणताही निकष न लावता निवडून, ही यंदा चमकणार आहेत असे त्यांच्या शिक्षकांना सांगण्यात आले, आणि वर्षअखेरीस त्यांतल्या लहान इयत्तांतल्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि वकिलाने ते लगेच पदरात पाडून घेतले.

मग आमची मैत्रीण बोलली. तिला रंगमंचावर कामच नव्हते. संहितेची वही घेऊन ती विंगेत उभी असे. बाईंनी तिला ते काम नीट शिकवले होते. समोरचा विसरला तर पूर्ण वाक्य सांगायचे नाही, पहिले दोन शब्द पुरतात. विसरलेला आणि मुद्दाम थांबलेला यांतला फरक त्याच्या डोळ्यांत ओळखायचा, कारण थांबलेला समोरच्या पात्राकडे पाहत राहतो आणि विसरलेल्याची नजर विंगेकडे वळते. आपला आवाज नटापर्यंत जायला हवा, पहिल्या रांगेपर्यंत नव्हे. तालमीत तिने एकदा घाई करून शब्द पुरवला, तेव्हा बाई रागावल्या नाहीत, की “पुढच्या वेळी जमेल हो” असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तोच प्रवेश पुन्हा घ्यायला लावला. “त्या मला हुशार म्हणाल्या असत्या तर मी पुढच्या चुकीला घाबरले असते,” असे ती म्हणाली. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास नेमके हेच सांगतो: पाचवीतल्या ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती केली गेली, ती अपयश आल्यावर मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा लवकर खचली. मला तिचे म्हणणे सर्वांत पटले. मुलाला जेमतेम पेलेल असे नेमके काम द्यायचे आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचे नाही, यापेक्षा वेगळे प्रोत्साहन बाईंनी केल्याचे मला तरी आठवत नाही.

वकिलाची खरी तक्रार यानंतर बाहेर आली, आणि ती मुळीच क्षुल्लक नव्हती. तो त्या नाटकात भाला धरून उभा राहणारा शिपाई होता. एकही शब्द नाही, आणि तालमीचा बहुतेक वेळ बाकावर बसण्यात गेलेला. बालनाट्याचे अभ्यासक पीटर स्लेड यांनी १९५४ मध्येच असे मांडले होते की लहान मुलांचा अभिनय हा त्यांच्या खेळाचाच एक प्रकार आहे, आणि त्यांना फार लवकर चौकटीच्या रंगमंचावर, प्रेक्षकांना दाखवण्यासाठी उभे केले तर तो खेळ बिघडतो. बाईंना प्रयोग चांगला व्हायला हवा होता, म्हणून खणखणीत आवाजाची मुले पुढे आली आणि बाकीच्यांच्या हाती भाले आले, असा त्याचा आरोप होता. यावर सूत्रधाराला उत्तर देता आले नाही. मलाही वाटते की ज्या बाई चार सूत्रधार करू शकल्या, त्यांना शिपायांसाठीही काही सुचू शकले असते. पण एका माणसाने एवढ्या मोठ्या वर्गाचे नाटक बसवायचे, तेही अभ्यासक्रम सांभाळून, हेही खरे आहे.

मास्तर यंदा त्याच्या वर्गाचे नाटक बसवणार आहे, म्हणून भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात असे त्याने तिथल्या तिथे जाहीर केले. वकील खूश झाला. मैत्रिणीने मात्र विरोध केला. चिठ्ठीने सगळ्यांना सारखी संधी मिळेल, पण कोणत्या मुलाला चौघांत उभे करायचे आणि कोणाला वही द्यायची हे चिठ्ठीला कळणार नाही, त्यासाठी तालमीआधी महिनाभर मुलांकडे पाहावे लागेल, असे तिचे म्हणणे पडले. शेवटी मुख्य भूमिका निवडून द्यायच्या, शिपायांना प्रत्येकी एक तरी वाक्य लिहायचे आणि तालमी दोन गटांत घ्यायच्या, म्हणजे बाकावर कोणी बसून राहणार नाही, एवढ्यावर तडजोड झाली. शिपायांची वाक्ये लिहून देण्याचे काम वकिलाने स्वतःकडे घेतले, फक्त ती फार लांब नसावीत अशी अट मास्तराने घातली.