ओयू हलवण्याचा शुभमुहूर्त

आपल्या कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांची लॉगिन-खाती सांभाळणाऱ्या यादीत, बारा वर्षांचा पसारा साचला असेल, नोकरी सोडून गेलेली मंडळी अजून ठाण मांडून बसली असतील आणि ‘नवीन’, ‘नवीन-२’, ‘नवीन-फायनल’ अशा ओयूंची, म्हणजे खाती ठेवण्याच्या कप्प्यांची, रांग लागली असेल, तर आवराआवरीसाठी शुक्रवारी सायंकाळी साडेपाचचा मुहूर्त धरावा. महिनाअखेर असल्यास दुधात साखर. पगाराचे सॉफ्टवेअर बंद पडले की लेखा विभाग आपणहून कळवतो, वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही.

कोणालाही विचारू नये. खाते एका ओयूतून दुसऱ्यात ओढले तरी त्याचा एसआयडी, म्हणजे अंतर्गत ओळखक्रमांक, तोच राहतो, लॉगिनचे नाव आणि पासवर्ड तेच राहतात, ग्रुपमधील सदस्यत्वही डिरेक्टरी स्वतः सांभाळून घेते, एवढे ज्ञान पुरेसे मानावे. बदलतो तो फक्त डीएन, म्हणजे खात्याचा संपूर्ण पत्ता. आणि बिऱ्हाड बदलले म्हणून माणूस थोडाच बदलतो? ग्रुप पॉलिसी, म्हणजे ओयूनुसार लागू होणारे नियम, बदलून एखाद्याचा प्रिंटर गायब झाला, तर तो किरकोळ मामला.

आता सात वर्षांपूर्वी व्हेंडरकडून आलेल्या कोणा मुलाने कॉन्फिग फाइलमध्ये ‘सीएन=एसव्हीसी-पेरोल,ओयू=सर्व्हिस,ओयू=पुणे’ असा सर्व्हिस अकाउंटचा (ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या खात्याचा) पत्ता जसाच्या तसा टंकून ठेवला असेल, तर त्यात आपला काय दोष? ते बिचारे ॲप्लिकेशन एलडॅपवरून, म्हणजे डिरेक्टरीशी बोलण्याच्या भाषेतून, जुन्याच पत्त्याने दार ठोठावते, डिरेक्टरी ४९ क्रमांकाची त्रुटी देऊन त्याला परत पाठवते आणि पडद्यावर ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे झळकते. लेखा विभागातील बाई तीनदा पासवर्ड टाकतात, कॅप्स लॉक पाहतात आणि अखेर पासवर्ड रीसेट करून मागतात. तो अवश्य करून द्यावा. उपयोग शून्य असला, तरी तिकीट बंद होते.

एखादा अतिशहाणा सुचवेल की डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर, एलडॅपची नोंद-पातळी वाढवून २८८९ क्रमांकाच्या नोंदींतून साधे बाइंड (थेट नाव-पासवर्ड देऊन एलडॅप लॉगिन) करणाऱ्या यंत्रांचे आयपी पत्ते आधी काढू, बाइंडसाठी डीएनऐवजी यूपीएन (ईमेलसारखे दिसणारे लॉगिन-नाव) वापरू, सर्च बेस (खाती शोधायला सुरुवात करण्याची जागा) एकाच ओयूला न बांधता वरच्या पातळीवर नेऊ आणि पहिल्यांदा एकच चाचणी-खाते हलवून दोन दिवस वाट पाहू. अशा माणसाला पुढच्या बैठकीचे निमंत्रण धाडू नये. दोन दिवसांत आपला उत्साह मावळतो.

क्लाउडशी सिंक ठरावीक ओयूंपुरतेच असेल, तर नव्या ओयूवर टिकमार्क आहे का, हे मुळीच पाहू नये. पुढच्या सिंकला विक्री विभागाची खाती क्लाउडमधून पुसली जातील आणि ईमेल अचानक शांत होईल. ती ३० दिवसांत परत आणता येतात, त्यामुळे दरम्यान आपण रजेवर जाण्यास हरकत नाही. अर्ज मात्र कागदावर करावा, कारण रजेचे पोर्टलही त्याच पत्त्याने दार ठोठावत असते.