इचूकाला नुसतं जेवायला थांबू नका

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की मेलबर्नच्या आपल्या ग्रुपवर कॅरॅव्हॅनच्या (गाडीमागे जोडायच्या फिरत्या घराच्या) सहलींचे बेत फिरायला लागतात. त्यात मरे नदीकाठचं इचूका असतं ते दुपारच्या जेवणापुरतं. धक्क्यावर दोन फोटो, बेकरीतली पाय-पेस्ट्री, की गाडी पुढे स्वॉन हिलकडे. मला हे अजिबात पटत नाही. मेलबर्नपासून साधारण २२० किलोमीटरवरच्या या गावाला अख्खा दिवस द्यायला हवा, आणि तोही व्हॅन कॅरॅव्हॅन पार्कात सोडवून ठेवून. मागे व्हॅन जोडलेली असली की लक्ष सगळं वळणं आणि पार्किंगकडे. गाव बघायचं राहूनच जातं.

सकाळी धक्क्यापासून सुरुवात करा. वरच्या फळ्यांवरून चालून परत फिरू नका, जिना उतरून खाली जा. रेड गम झाडाच्या लाकडाच्या जाडजूड खांबांचं जंगलच उभं आहे तिथे. मरे नदीचं पाणी हंगामाप्रमाणे कित्येक मीटर वरखाली व्हायचं, म्हणून माल चढवायला-उतरवायला एकाखाली एक असे मजले बांधले. १८६४ मध्ये मेलबर्नहून रेल्वे इथवर आली, पुढच्याच वर्षी धक्क्याचं काम झालं, आणि डार्लिंग नदीच्या काठची लोकर बोटींनी इथे येऊन रेल्वेने मेलबर्नच्या बंदरात जायला लागली. भरभराटीच्या काळात धक्का ३३२ मीटर लांब होता. पुढे रेल्वे इतर गावांतही पोचली, बोटींचा धंदा बसला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धक्क्याचा बराच भाग तोडून मेलबर्नला सरपण म्हणून गेला. आज उरलाय तो छोटा तुकडा. तो या गावाने जपला, लाकूड बदलून-बदलून उभा ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग वाफेच्या बोटीत बसा. 'ॲडलेड' १८६६ची, 'पेव्हेन्सी' १९११ची, 'अलेक्झांडर आर्बथनॉट' १९२३ची. त्या दिवशी जी फेरीला असेल ती घ्या, पण खिडकीची जागा धरण्याआधी इंजिनपाशी उभे राहा. आमच्यासोबत सासरे होते, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. भट्टीचं दार उघडलं, धग तोंडावर आली, माणसाने लाकडाचा ओंडका आत सरकवला आणि दार धाडकन लावलं. दांडे सावकाश पुढेमागे होत होते, बाजूला वल्ह्यांच्या चाकाचा छपछप आवाज. बाबा बराच वेळ पितळी झाकणांकडे बघत होते. म्हणाले, "रोज हात फिरतो बरं का याच्यावर. दाखवायला ठेवलेलं मशीन असं दिसत नाही." मला काचेमागच्या दहा वस्तूंपेक्षा हे एक चालतं इंजिन मोलाचं वाटतं. मुलांना वाफ म्हणजे काय हे तिथे समजतं.

आणखी एक गंमत मुलांना आवर्जून सांगा. नदीच्या या काठावर व्हिक्टोरिया राज्य संपतं आणि पाणी लागतं तेच शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याचं. मासे धरायला गळ टाकायचा तर परवाना त्यांचा लागतो. १९०१च्या आधी तर या वेगवेगळ्या वसाहती होत्या, पलीकडच्या मोआमाहून माल आणायचा तर जकात!

पण गावाची गोष्ट हेन्री हॉपवुड नावाच्या सुटलेल्या कैद्याने नदी ओलांडायला नावेची सोय सुरू केली तिथपासून सांगितली जाते, ते मला अपुरं वाटतं. ही जमीन योर्टा योर्टा या आदिवासी लोकांची. दुपारी गाडी काढून वरच्या अंगाला बार्माकडे जा. तिथल्या पाण्यापलीकडे कमरागंजा, आदिवासींची सरकारी वसाहत. तिथल्या हालाला आणि जाचाला कंटाळून १९३९च्या फेब्रुवारीत १५० हून जास्त माणसं नदी ओलांडून बार्माच्या काठावर येऊन राहिली. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे विल्यम कूपर याच भागातले. डिसेंबर १९३८ मध्ये, स्वतःच्या लोकांना हक्क नसताना, जर्मनीतल्या ज्यूंवरच्या अत्याचाराविरुद्ध निवेदन घेऊन ते मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले होते. आपण परदेशात येऊन राहिलेली माणसं, आपल्या पोरांना हे नाव माहीत असायलाच हवं असं मला वाटतं. आंबेडकर जयंती आपण इथेही साजरी करतो, त्या कार्यक्रमात कूपरांवर कोणी दहा मिनिटं बोललं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

संध्याकाळ मात्र मोकळी ठेवा. ऑक्टोबर २०२२च्या पुरात लोकांनी गावातूनच मातीचा बांध घातला होता आणि काही घरं बांधाच्या पाण्याकडच्या बाजूला राहिली. गावातल्या माणसांशी बोलत बसलात तर त्या दिवसांच्या आठवणी निघतात. तेवढी सवड हवी.

जाणाऱ्यांसाठी: ईस्टर आणि सुट्ट्यांत नदीकाठच्या, व्हॅनला वीज जोडता येते अशा जागा खूप आधी भरतात, तेव्हा बेत ठरला की लगेच बुकिंग करा. आणि काठावर मोकळ्यावर मुक्काम टाकणार असाल तर रेड गमच्या फांदीखाली व्हॅन किंवा तंबू लावू नका. वारा नसतानाही त्या अचानक कोसळतात. सावली कितीही गार वाटली तरी थोडं उन्हातच लावा.