ऊस, धनंजयराव आणि माधवराव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आधी आभार. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना निसर्गाची ओढ आणि मूल्यं वडिलांकडून, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांकडून, मिळाली असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की धनंजयराव गाडगीळ म्हणजे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष, ज्या उसाने महाराष्ट्राचं पाणी पिऊन टाकलं त्याला बळ देणारा माणूस निसर्गप्रेमाचा गुरू कसा? आणि मुलाने जे कमावलं ते स्वतःच्या अभ्यासावर, त्यात बापाचं कौतुक कशाला? शिवाय मोठ्यांशी ओळख असलेला बाप सगळ्यांना थोडाच मिळतो?

उसाचं आधी घेते. प्रवरेकाठी ऊस धनंजयरावांनी आणला नाही हो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, कालवे इंग्रजांचे, त्यावर ऊस आला, खाजगी कारखाने आले, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयरावांनी केलं ते एवढं की कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा केला. त्याच्याही आधी, गोदावरी-प्रवरा कालव्यांमुळे कोणाच्या पदरात नक्की काय पडलं याची पाहणी त्यांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्राच्या संस्थेतून केली होती, ती १९४८ ला छापून आली. धरण म्हटलं की लोकांची छाती फुगायची तो काळ, आणि हा माणूस हिशोब मांडत बसलेला. पुढे उसाने पाण्याचं जे केलं ते मी नाकारत नाहीच, पण त्यात भावाची हमी, पाणी मोजून न देण्याची सवय, कारखान्यांचं राजकारण सगळं आलं.

आता कोयनेचं धरण. माधवरावांनी स्वतः लिहिलंय, वीज तर हवीच, पण तिची किंमत तिथल्या जंगलाने आणि माणसांनी का मोजायची, हा प्रश्न त्यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला. नियोजनावर विश्वास असलेल्या अर्थशास्त्रज्ञाने पोरासमोर ही शंका बोलून दाखवली, उत्तर हातात नसताना, हे मला फार मोठं वाटतं. आणि गाडगीळांच्या शेजारीच राहायच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, त्यांनी जाई निंबकरांबरोबर कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली, १९६९ ची. असल्या घरात आणि शेजारात जो मुलगा वाढतो त्याला डोंगर आणि डोंगरातली माणसं वेगवेगळी दिसतच नाहीत.

"स्वतःचा अभ्यास" म्हणता, तर वेड्या राघूची, त्या छोट्या हिरव्या पक्ष्याची, गोष्ट बघा. शेपटीतून निघणारी ती दोन लांब पिसं नसलेले राघू शाळकरी माधवला दिसले, वडील स्वतः पक्षी बघणारे, तरी त्यांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही, म्हणाले पक्षितज्ज्ञ सलीम अलींना पत्र लिही. उत्तर आलं, ती पिसं गळतात आणि परत येतात. अभ्यास मुलाचाच, पण विचारायचं कोणाला आणि न लाजता विचारायचं हे घरातून आलं. हां, अशी ओळख असणारा बाप सगळ्यांना मिळत नाही, हा तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो मला लागतोसुद्धा, कारण माझे वडील पाटकरी होते, कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने सोडणारे. कालव्याच्या भरावात वेडे राघू बिळं करायचे, पक्ष्यांचं पुस्तक घरात नव्हतं, पण भराव दुरुस्तीला माणसं आली की बिळांत पिल्लं आहेत का ते वडील आधी बघून यायचे. आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी, सुटलं की रात्री घरी येऊन पहिलं वाक्य असायचं, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं का नाही. वरच्या बागायतदाराचा राग ओढवून घेतील पण चारीच्या शेवटच्या माणसाची पाळी चुकू देणार नाहीत. धनंजयराव मला एवढे जवळचे वाटतात ते यामुळे.

२०११ चा पश्चिम घाटाचा अहवाल काढून बघा. केरळातल्या अतिरप्पिल्ली आणि कर्नाटकातल्या गुंड्या या जलविद्युत प्रकल्पांना परवानगी देऊ नका असं माधवरावांच्या समितीने स्पष्ट सांगितलं, आणि बाकीच्या बाबतीतही काय करायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा, वरून लादू नका, असा आग्रह धरला. लोक "जंगल वाचवा अहवाल" म्हणून त्याला शिव्या देतात, पण त्यातलं माणसांना विचारण्याचं कलम मला कोयनेच्या त्या प्रश्नाचंच पुढचं पान वाटतं. मुलाने वडिलांपेक्षा कितीतरी पुढे जाऊन ते लिहिलं, मान्य, पण प्रश्न घरचाच होता.

उसाच्या पाण्यावर वेगळं लिहा असं सुचवलंत ते करणारच आहे, तुमच्या भागातली पाण्याची परिस्थिती तुम्ही कळवलीत तर लेखात घेईन. फक्त त्या लेखात धनंजयरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही, ते मला पटत नाही.