"थकवा मनाचा असतो" वाल्या मेसेजला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत तोच मेसेज आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की कॅन्सरमधला थकवा मनाचा असतो, पॉझिटिव्ह राहणारे वाचतात आणि रडणारे हरतात, पेशंटला फक्त आराम करू द्या, त्याच्यासमोर आजाराचा विषय काढू नका, ट्रीटमेंट संपली की थकवा आपोआप जातो. पाठवणाऱ्या काकांच्या मनात वाईट काही नाही हे मला माहितीये, पण गेल्या वर्षी हाच मेसेज माझ्या मावशीने वाचला होता, ब्रेस्ट कॅन्सरच्या चौथ्या किमोनंतर, आणि मला फोन करून विचारलं होतं, "म्हणजे मीच कमी पडतेय का गं?" म्हणून लिहितेय.

थकवा मनाचा, हे आधी घेते. किमोने हाडांमधल्या मगजावर परिणाम होतो, तांबड्या पेशी कमी बनतात, हिमोग्लोबिन उतरतं. आजार आणि औषधं दोन्हींमुळे शरीरात दाह वाढवणारी रसायनं सुटतात, त्यात दुखणं, तुटक झोप, तोंडाला चव नाही म्हणून पोटात अन्न नाही. किमोचा थकवा डोसनंतरच्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढच्या सायकलपर्यंत जरा उतरतो, रेडिएशनचा मात्र आठवड्यागणिक साचत जातो आणि शेवटी शेवटी कळस गाठतो. निव्वळ मनाचा असता तर त्याने औषधाच्या तारखा कशाला पाळल्या असत्या? आणि हा दिवसभर राबल्यावर येतो तसला थकवा नाहीच, तो झोपून जात नाही. मावशी एकदा भाकरी करायला बसली आणि पिठात हात तसेच ठेवून बसून राहिली, सकाळी नऊ वाजता, रात्रभर झोप झालेली असताना. तिने हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं कारण मेसेज वाचून तिला वाटलं, आपलंच मन कमजोर. शेवटी मी बोलले तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8 च्या खाली निघालं.

पॉझिटिव्ह राहणारे वाचतात, हे तर तपासून झालेलं आहे. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरचे, म्हणजे आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर ज्यात येतो त्या गटातले, 1,093 पेशंट घेऊन अमेरिकेत जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो 2007 मध्ये आला, त्यात मनाची अवस्था आणि किती जगले याचा संबंध सापडला नाही. 1989 च्या एका गाजलेल्या अभ्यासात ग्रुप थेरपीने आयुष्य वाढल्यासारखं दिसलं होतं, पण 2001 मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या 235 बायकांवर तेच परत करून पाहिलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास मात्र कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे, माणूस आहे तेवढे दिवस बरे जावेत म्हणून मनाची काळजी घ्यायची, त्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी त्याच्याच स्वभावावर टाकायला नाही.

आराम लागतो, पण नुसतं पडून राहिलं की स्नायू जातात आणि थकवा वाढतो. या थकव्यावर सगळ्यात चांगला पुरावा हालचालीचाच आहे, 2019 च्या तज्ज्ञांच्या शिफारशीत आठवड्यातून 3 वेळा 30 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, किमान 12 आठवडे, असं आहे. ताप असेल, प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल, आजार हाडात गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मावशीने सुरुवात जिन्यापर्यंत केली, मग गल्लीच्या टोकापर्यंत, कुणीतरी सोबत पाहिजेच.

विषय काढू नका, रडू देऊ नका, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अहो, त्या माणसाने हसरा चेहरा करून घरच्यांना सांभाळायचं का? काही कॅन्सर सेंटरमध्ये 0 ते 10 ची पट्टी दाखवून त्रास किती ते विचारतात आणि 4 किंवा वर असेल तर पुढे बोलतात, घरी तुम्ही नुसतं "आज किती?" विचारलं तरी चालेल. थकलेल्याला करावंसं वाटतं पण जमत नाही, डिप्रेशनमध्ये करावंसंच वाटेनासं होतं, दोन्ही एकत्रही असतात. तसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू करायच्या झाल्या आणि टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरमधली हार्मोनवरची गोळी) चालू असेल तर ते नक्की सांगा, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या त्याचा असर कमी करू शकतात.

आणि ट्रीटमेंट संपली की जातो, हे काहींच्या बाबतीत खरं, काहींचा महिनोन्‌महिने राहतो, वर्षंही. मावशीची रेडिएशन संपून सहा महिने झाले, चारनंतर ती अजून आडवी होते. या वेळी तपासणीला तिने स्वतःच सांगितलं, डॉक्टरांनी थायरॉईडची टेस्ट लिहून दिली, रिपोर्ट सोमवारी येईल.