‘युद्धांचा इतिहास म्हणजे युद्धाची भलामण’ हे खरं नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. लष्करी इतिहास म्हणजे सनावळ्या आणि सेनापतींचे पोवाडे. तो वाचून युद्धाची खुमखुमी येते. ड्रोनच्या जमान्यात जुन्या लढाया निरुपयोगी. आणि लागलाच तर तो सैन्याला लागेल, सामान्य नागरिकाला कशाला? लिहिणाऱ्याला शांतता हवी आहे, मलाही हवी आहे. म्हणूनच हे मुद्दे खोडून काढायला हवेत.

पोवाड्यांचा आरोप आधी घेऊ. इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून आलेल्या इराणी सम्राट झर्क्सिसची माणसं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने बाजारबुणग्यांसकट ५२ लाखांवर नेऊन ठेवली आहेत. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक यांनी विचारलं, एवढे लोक रस्त्याने चालणार कसे? त्यांच्या काळातल्या ३०,००० सैनिकांच्या कोअरची (मोठ्या लष्करी तुकडीची) रांग किती लांब पडते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मापाने आघाडीचे लोक ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचले, तेव्हा पिछाडी इराणी राजधानी सूसामधून जेमतेम बाहेर पडत असती. शौर्यकथेला असा हिशेब विचारणं, हे या विषयाचं रोजचं काम आहे.

खुमखुमीचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियन मोहिमेचा एक आलेख काढला. डावीकडून निघणारा रुंद पट्टा म्हणजे १८१२ च्या जूनमध्ये रशियाच्या सीमेवरची नीमन नदी ओलांडणारे ४,२२,००० लोक. मॉस्कोपर्यंत तो १,००,००० इतका बारीक होतो. परतीची काळी रेघ नदीशी येते तेव्हा उरतात १०,०००. हिवाळ्याने नेपोलियनला हरवलं असं सर्रास सांगतात. पण मॉस्को हाती आलं ते सप्टेंबरात, थंडी पडण्याआधीच. काही तुकड्या वाटेत मागे ठेवल्या होत्या, काही माणसं लढायांत पडली. तरी मोठा घास घेतला तो उन्हाने, भुकेने, हगवणीने आणि टायफसने. चाऱ्यावाचून घोडे मेले, घोड्यांवाचून गाड्या थांबल्या. क्रिमियन युद्धातही ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त मेले. हे वाचून कुणाला स्फुरण चढेल?

ड्रोनचा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. पण २०२२ पासून युक्रेनमध्ये वर ड्रोन घिरट्या घालताहेत आणि खाली माणसं खंदक खणताहेत. तोफगोळे अपुरे पडू लागले, तेव्हा युरोपला आपल्या कारखान्यांची आठवण झाली. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्यांचा असाच तुटवडा पडला होता. त्यातून दारूगोळ्याचं वेगळं मंत्रालय निघालं आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे आलं.

तरी जुनी लढाई आयता तोडगा देते, असं मी म्हणणार नाही. इटलीतल्या कॅनीला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य वेढून कापलं. जर्मन सेनाप्रमुख श्लीफेन यांना त्या वेढ्याने झपाटलं. पण कॅनी जिंकूनही कार्थेज शेवटी युद्ध हरलं. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात युरोपीय निरीक्षकांनी खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन डोळ्यांनी पाहिल्या. त्यांतल्या अनेकांनी निष्कर्ष मात्र काढला तो जिद्दीने केलेल्या हल्ल्याचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले इतिहासकार मायकेल हॉवर्ड यांनी १९६१ च्या एका व्याख्यानात यावरच बोट ठेवलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: काळाचा लांब पट पाहा, एखाद्या मोहिमेच्या तळाशी जा आणि लढणाऱ्या समाजाचं राजकारण-अर्थकारण विसरू नका.

राहिला नागरिक. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना त्यांच्यात इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी दिसला. १९३० च्या दशकात हुकूमशहांपुढे नमतं घेतलं, आता घ्यायचं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं. फ्रान्स आणि इस्रायलला सोबत घेऊन हल्ला झाला, अमेरिकेने पौंडावर दबाव आणला, माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. नेता असा दाखला देतो, तेव्हा ऐकणाऱ्याने विचारायला हवं: तेव्हाच्या त्या शत्रूकडे सैन्य किती होतं, कारखाने किती, मित्र कोण, आणि आजच्याकडे काय आहे? विचारायचं तर दोन्ही काळ वाचलेले हवेत.