मधला तुकडा

ज्या कुणी हे डेटाबेसमधलं टेबल रचलं, त्याला प्रत्येक कॉलममागे पदरचे पैसे भरावे लागत असावेत. शाखा, बिल नंबर आणि वर्ष, तिन्ही एकाच कॉलममध्ये डॅश मारून कोंबलेलं. आणि साहेब म्हणतात, “मधला बिल नंबर तेवढा काढून दे, दोन मिनिटांचं काम आहे.” दोन मिनिटांचं काम कुठलं, हे ज्याला ते करायचं नसतं तोच ठरवतो.

त्यासाठी सबस्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा कापून देणारं फंक्शन. त्याला मजकूर द्यायचा, सुरुवात द्यायची आणि किती अक्षरं हवीत ते सांगायचं. पण मोजायचं कुठून? जावा-पायथनमध्ये पहिलं अक्षर शून्यावर, डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, एकावर. सवयीने शून्य टाकलं की प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा निराळी. ओरॅकल समजूतदार, शून्याला एक मानून चालतो. मायएसक्यूएल फुगून बसतो आणि रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, देतो. एसक्यूएल सर्व्हर चक्क काटा मारतो: तीन अक्षरं मागा, दोनच देईल, आणि एररचं नाव नाही.

डॅश शोधायला चारइंडेक्स. त्याला आधी काय शोधायचं ते सांगायचं, मग कुठे. तेच काम ओरॅकल-मायएसक्यूएलमध्ये करणाऱ्या इनस्टरला आधी कुठे, मग काय. मायएसक्यूएलमध्ये चारइंडेक्सच्या वळणाचं लोकेट आणि इनस्टर एकाच घरात नांदतात, तरी क्रम उलटा! पोस्टग्रेसवाले स्प्लिट_पार्टला ‘डॅश, दुसरा तुकडा’ एवढं सांगून मोकळे होतात. ही माणसं दुपारी झोपतसुद्धा असतील.

आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर. पहिला डॅश, अधिक एक, तिथून दुसरा डॅश, वजा पहिला, वजा आणखी एक. कंस जुळले, क्वेरी सुटली आणि आडवी झाली. कारण एका ओळीत कुणीतरी शाखा, नंबर, वर्ष सगळ्याच्या जागी नुसतं ‘नंतर कळवतो’ लिहिलंय. त्यात डॅश नाही, म्हणून चारइंडेक्स शून्य देतो, शून्यातून एक गेला की लांबी उणे. लांबी चुकली एवढं एरर सांगतो. लाखो ओळींतली कुठली, ते नाही. शेवटी नलइफ लावून शून्याचा नल, म्हणजे ‘माहीत नाही’, केला, तेव्हा गाडी हलली.

तोवर साहेबांचं नवीन फर्मान: ग्राहकांच्या नावांचं पहिलं अक्षर हवं. नावं देवनागरीत. ‘क्षितिज’चं एक अक्षर मागितलं तर ‘क’ आला. डेटाबेसच्या हिशेबी ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चौघे. म्हणून चार मागितली. क्षितिज सुधारला, पण ‘अमित’ अख्खाच बाहेर आला.