मीस, कुमसार आणि स्वर्गाचं तिकीट

मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे इथल्या मारियामातेचं, फेस्त जवळ आलं की म्हापशात दोन गोष्टी हमखास येतात. फेरीत खाजें आणि मोबाईलवर तो मजकूर. यंदा आमच्या वाड्याच्या ग्रुपवर तो चारदा आला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: 'येशू म्हणाला फक्त विश्वास ठेवा, नियम चर्चने लादले. कॅथलिक माणूस मीस (चर्चमधली उपासना), कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली), उपास करून स्वर्ग कमावतो. प्रॉटेस्टंट नुसत्या विश्वासाने तरतो आणि मग हवं ते करायला मोकळा. बायबलातच पौल आणि याकोब एकमेकांना खोटं पाडतात. पाप तर पैसे देऊनही माफ व्हायचं. आणि गोव्यातल्या इन्क्विझिशनने दाखवूनच दिलं की यांचा मोक्ष नियमांवर मिळतो. सायबिणीला तेल वाहतात ते त्याचसाठी.'

मी ख्रिस्ती नाही. पण भिंतीला भिंत लागून असलेला शेजार तीन पिढ्यांचा आहे. शिवाय मजकूर पाठवणारे बहुतेक आपलेच लोक, तेव्हा उत्तरही आपल्यातल्याच कोणीतरी दिलेलं बरं.

'कॅथलिक स्वर्ग कमावतो.' मग बाळांचा बाप्तिस्मा कशासाठी? महिन्या-दीड महिन्याचं पोर, धड मान धरत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी ओततात आणि चर्च म्हणतं, याला कृपा मिळाली. त्या पोराने कुठला उपास केला होता? पुण्य साठवून स्वर्ग मिळवायचा धर्म असता तर बाप्तिस्मा साठीला ठेवला असता, हिशेब तपासून. उलट 'विश्वास, फक्त विश्वास' म्हणणारे इथले बिलिव्हर्स, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरचे नवे ख्रिस्ती गट, बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयात स्वतः कबुली द्या, मग पाण्यात उतरा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे माणसाने आधी काहीतरी करायला हवं हा आग्रह नेमका कोणाचा, ते बघा. (प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने बाळांचा बाप्तिस्मा सोडला नव्हता, हेही लक्षात असू द्या.)

लेखी पुरावा हवा असेल तर कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद घ्या. लूथरला उत्तर द्यायला भरलेली, म्हणजे कॅथलिक बाजू सगळ्यात ताठ होती तेव्हाची. 13 जानेवारी 1547 ला तिने या विषयावरचा निर्णय दिला. त्यातला पहिलाच नियम काय सांगतो? ख्रिस्ताच्या कृपेशिवाय, निव्वळ आपल्या कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. प्रॉटेस्टंटांवर तुटून पडण्याआधी तिने स्वर्ग कमावणाऱ्यांनाच दाराबाहेर उभं केलं. हे मतही तिचं नवं नव्हतं. माणूस स्वतःच्या बळावर चांगला राहू शकतो असं मानणाऱ्या पेलागियसला चर्चने पाचव्या शतकातच नाकारलं होतं.

आता प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. रविवारची मीस मुद्दाम चुकवणं कॅथलिकांत गंभीर पाप आहे. वर्षातून एकदा तरी कुमसार करायलाच हवा, हा दंडक 1215 पासूनचा. तेव्हा 'नियम नाहीतच' असं उत्तर कोणी दिलं तर तेही खोटं. प्रश्न एवढाच, की ते नियम किंमत म्हणून आहेत की आणखी कशासाठी? माळ घातलेला वारकरी एकादशी मोडत नाही, मांस-मच्छी सोडतो. गोव्यात मच्छी सोडणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. पण 'इतक्या एकादश्या झाल्या, आता विठ्ठल माझं देणं लागतो' असं म्हणणारा वारकरी तुम्ही पाहिला आहे? आपल्या माणसाला सूट आणि शेजाऱ्याला तराजू, हे बरं नव्हे. आणि चर्चचे सक्तीचे उपास मोजले तर वर्षाला दोनच भरतात: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. आपल्याकडच्या एखाद्या आजीने हे ऐकलं तर ती हसेल.

'प्रॉटेस्टंट विश्वास ठेवून मोकळा.' हे लूथरला ऐकवलं असतं तर त्याने शिव्या दिल्या असत्या, आणि शिव्या तो चांगल्या देत असे. चांगल्या कामांनी माणूस चांगला होत नाही, चांगला माणूस चांगली कामं करतो, असं त्याने 1520 मध्येच लिहून ठेवलं. झाड आधी, फळ मागाहून. पुढे त्याच्याच गोटातल्या योहान अग्रिकोलाने ख्रिस्ती माणसाला आता नियमशास्त्र ऐकवायची गरज नाही असं सुरू केलं, तेव्हा 1537 पासून लूथरने त्याच्याविरुद्ध जाहीर वादांची मालिकाच लावली.

पौल आणि याकोब या दोघांची पत्रं बायबलात आहेत, आणि त्यांच्या भांडणात थोडं तथ्य आहे. पौल रोमकरांना लिहितो, नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. लूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात तिथे 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला. ग्रीक मुळात तो नाही. 'केवळ विश्वासाने' हे शब्द जोडीने बायबलात एकदाच येतात, ते याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारार्थी: केवळ विश्वासाने नव्हे. लूथर वैतागला, त्या पत्राला गवताच्या काडीचं म्हणाला, आपल्या बायबलात ते मागे ढकललं. काढून मात्र टाकलं नाही.

पण दोघे कोणाशी बोलताहेत ते बघा. पौलासमोर प्रश्न आहे सुंतेचा, खाण्यापिण्याचा: परजातीच्या माणसाने आधी यहुदी व्हायचं का? याकोबासमोर आहे अंगावर कपडा नसलेला, पोटात अन्न नसलेला भाऊ, आणि त्याला 'सुखाने जा, ऊब घे' म्हणून वाटेला लावणारा भाविक. दोघेही दाखला अब्राहामाचाच देतात. पौल सांगतो ते आकाशातले तारे पाहून देवावर भरवसा ठेवणारा अब्राहाम, याकोब सांगतो ते कित्येक वर्षांनी मुलाला वेदीवर ठेवणारा. माणूस तोच, दिवस वेगळे. आणि स्वतः पौलच गलतीकरांना लिहितो की खरा उपयोगाचा विश्वास तो, जो प्रीतीने काम करतो. यात याकोबाने काय खोडायचं?

पैसे देऊन पाप माफ, हा मुद्दा शिळा आहे. तो बाजार भरला होता, लूथर त्यावर बरोबर बोलला, आणि 1567 मध्ये पोप पाचव्या पायसने पैशांशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या. तेव्हापासून साडेचारशे वर्षं लोटली.

इन्क्विझिशनचा मुद्दा मात्र दुखऱ्या जागेवरचा आहे आणि मला तो झाकायचा नाही. 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं ते न्यायासन गोव्यात बसलेलं होतं. 1736 च्या त्याच्या फर्मानात काय काय बंद केलं होतं? दारातली तुळस, बायकांची चोळी, पुरुषांचं पुडवं (धोतर), मिठाशिवाय शिजवलेला भात. भातात मीठ कधी घातलं यावरून माणूस ख्रिस्ती की नाही ते ठरत होतं. नियमांचा धर्म म्हणतात तो असा.

पण हे मोजायला चर्चचीच फूटपट्टी घेऊ. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात पहिली सभा यरुशलेमेत भरते, आणि येशूचा शिष्य पेत्र उभा राहून विचारतो, जे जू आपल्या वाडवडिलांना झेपलं नाही ते या लोकांच्या मानेवर कशाला ठेवता? परजातीच्या माणसाने यहुदी न होता ख्रिस्ताकडे यावं असा निर्णय होतो. सतराशे वर्षांनी गोव्यात नेमकं उलटं झालं: आधी चोळी सोडा, मग ख्रिस्ती. तेव्हा इन्क्विझिशनने ख्रिस्ती शिकवण सिद्ध केली नाही, मोडली. ती पाळायची वाट इथे ठाऊक नव्हती असंही नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स इथेच मराठी शिकला आणि येशूची कथा ओवीत रचली. ती 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापली गेली. तिच्यात स्वर्गाला त्याने शब्द वापरला तो वैकुंठ.

कॅथलिक-प्रॉटेस्टंट अशी जी सरळ रेघ मजकुरात मारली आहे, तीही आता तशी राहिलेली नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला पत्करतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, कृपेने, आणि तीच कृपा चांगल्या कामांना लावते. 2006 मध्ये मेथडिस्ट हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण या मुद्द्याच्या गाभ्यावर एकमत झालं आहे.

राहता राहिलं तेल. सायबिणीला तेल वाहणाऱ्यांत निम्मे तरी आपणच असतो. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, हे इथल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. दोन वर्षांमागे मीही वाहिलं. मोक्षाचा विषय निघालाच नव्हता, आईचा गुडघा दुखत होता.